गाळून उरलेली त्रेचाळीस

"सूनबाई, दहा वर्षांत ज्यांना कुणी हात लावला नाही ती पुस्तकं गाळ आणि यादी मुकादमाला पाठवून दे," असं म्हणून सासऱ्यांनी पायात बूट सरकवले आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघून गेले.

एवढं एकच वाक्य, पण त्यानं जो घोळ घातला तो घालायला एरवी दहा माणसं लागली असती.

सासरे अडतीस वर्षं संस्थेचं वाचनालय सांभाळत होते. सून एका कंपनीत प्रोग्राम लिहीत होती. दोघांचं छान जमायचं, कारण एकमेकांच्या कामातलं दोघांनाही ओ की ठो कळत नसे. लग्नाला चार वर्षं झाली, तरी सासऱ्यांनी तिला कामातलं काही म्हणून सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच सांगत होते, कारण पाणी गळ्याशी आलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना वाचनालयाच्या जागी व्यायामशाळा हवी होती. रविवारी ते दिवसभर येऊन बसणार, वाचक किती येतात ते बघणार आणि संध्याकाळी निकाल देणार. निदान धूळ खाणारी पुस्तकं त्यांच्या नजरेला पडू नयेत, म्हणून शनिवारीच मुकादमाकडून ती गोदामात हलवायची होती.

यातलं गोदामाचं सासऱ्यांनी मुकादमाला सांगितलं होतं. सुनेला सांगायचं राहिलं. तिला वाटलं, मुकादम कपाटं लावायला येतोय.

पुस्तकांची नोंद संगणकात होतीच. सून अट लिहायला बसली आणि 'गाळ' या शब्दापाशी अडली. कंपनीत गाळणं म्हणजे अट लावायची आणि अटीत बसेल तेवढं ठेवायचं. पण बाबा थोडेच कंपनीत आहेत! त्यांचं मराठी कसं खणखणीत. मराठीत नाव गाळलं म्हणजे नाव गेलं. बाबांचा शब्द बाबांच्याच अर्थानं घ्यायला हवा, म्हणून तिनं अटीआधी एक 'नाही' घातला. यादीतून न वाचलेली गेली, वाचलेली राहिली. अठराशे चौसष्ट पुस्तकांची यादी मुकादमाला पाठवून ती कामावर गेली. सासऱ्यांचा मान राखल्याचं तिला फार समाधान वाटत होतं.

दुपारी मुकादमानं सासऱ्यांना फोन केला. डोळ्यांत औषध घालून ते दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते.

"काका, चौथी खेप चाललीय. सगळं न्यायचं ना?"

"यादीत आहे ते सगळं ने. धूळच फार साचली होती बाबा."

रविवारी सकाळी त्यांनी कुलूप उघडलं. मदतीला म्हणून सूनही बरोबर आली होती. आत सोळा कपाटं आ वासून उभी होती. कोपऱ्यातल्या एका फळीवर काही पुस्तकं एकमेकांना टेकून बसलेली. तिनं मोजली. त्रेचाळीस.

"अगं, हे काय केलंस? गाळ म्हणालो होतो ना मी!"

"गाळलीच की बाबा! न वाचलेली काढून टाकली यादीतून."

"टाकली? अगं, गाळणं म्हणजे अटीत बसतील ती घ्यायची. मी मुद्दाम तुझ्या नवऱ्याला विचारून घेतलं. म्हटलं, सूनबाईशी तिच्या भाषेत बोलावं."

"आणि मी म्हटलं, बाबांचं बाबांच्या भाषेत ऐकावं!"

भांडायला सुद्धा जागा नव्हती. दोघांनीही चांगुलपणाच केला होता, आणि तोच अंगाशी आला होता. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे तो सोमवारपर्यंत गावाला गेलेला. सुनेला वाटलं, चार वर्षांत बाबांनी एक काम सांगितलं, आणि त्यात आपण त्यांचं वाचनालयच बुडवलं!

दहाच्या ठोक्याला अध्यक्ष आले. त्यांनी कपाटं पाहिली आणि प्रसन्नपणे खुर्ची ओढून घेतली.

"वा! तुम्हीच जागा मोकळी करून ठेवलीत की."

"चूक झाली साहेब. उरलीत ती कुणीच न नेलेली," सासरे म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे.

"असं? मग ही त्रेचाळीस संध्याकाळी सहापर्यंत गेली, तर मी व्यायामशाळेचं नाव काढणार नाही. एक जरी उरलं, तरी किल्ली माझ्याकडे." अध्यक्ष आपल्याच विनोदावर हसले.

सासरे हसले नाहीत. पहिला वाचक आला तो बसचालक. रहस्यकथा न्यायला आलेला.

"बसा," सासरे म्हणाले. "रहस्यकथा आज नाही. हे मुंग्यांवरचं न्या. रांगेत कशा चालतात बघा. तुमच्या बसपुढच्या माणसांना जन्मात जमायचं नाही."

बसचालक खो खो हसला आणि मुंग्या घेऊन गेला. मग एक नवं जोडपं आलं. त्यांना सासऱ्यांनी व्याकरण दिलं. "द्वंद्व समासाचं प्रकरण आधी वाचा, दोघांनी मिळून." झोप न येणाऱ्या परिचारिकेला दिव्यांचा इतिहास दिला. नाकावर राग असलेल्या शिंप्याला गाठींचं पुस्तक दिलं आणि तेराव्या पानावरची गाठ तिथल्या तिथे दोरीवर मारून दाखवली.

सून बघतच राहिली. पानांच्या आकड्यांसकट त्यांना सगळं पाठ! दहा वर्षांत ही पुस्तकं कुणी वाचली नाहीत असं संगणक सांगत होता, पण ग्रंथपाल कुठे स्वतःच्या नावावर पुस्तक नेतो? तो कपाटापाशी उभ्यानंच वाचतो. अडतीस वर्षं लोक येत, हवं ते उचलून जात. बाबांना कुणी विचारलंच नव्हतं, 'मी काय वाचू?' तिनं तरी कुठे विचारलं होतं?

पावणेसहाला बेचाळीस गेली होती. अध्यक्ष खुर्चीत अस्वस्थ झाले होते. तेवढ्यात एक आजोबा आले आणि फळीवर एकच पुस्तक बघून म्हणाले, "हे कसं आहे?"

"नका नेऊ," सासरे घाईघाईनं म्हणाले. "कंटाळवाणं आहे."

"बाबा!" सून किंचाळलीच. आजोबा बिचारे घाबरून आल्या पावली परत गेले. "गाठींच्या पुस्तकाची तारीफ केलीत, आणि एवढ्या एकासाठी नाट लावताय? अहो, किल्ली जाईल!"

"जाऊ दे. खोटं सांगून गळ्यात मारायचं नाही मला."

तिनं पुस्तक हातात घेतलं. बारीकसं होतं. परत आलेल्या पुस्तकांत ग्रंथपालाला काय काय सापडलं, त्याच्या गोष्टी: तिकिटं, केसांच्या पिना, न पाठवलेली पत्रं. एकवीस वर्षांपूर्वी छापलेलं. लेखकाच्या जागी सासऱ्यांचं नाव.

ज्या अटीनं हे पुस्तक आधी जाणार होतं, ती अट बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली होती.

"मी नेते."

"तू सभासद कुठे आहेस?"

"करून घ्या."

सासऱ्यांनी अर्ज काढला आणि अध्यक्षांकडे पाहिलं. "घरचं माणूस चालेल का साहेब?"

अध्यक्षांनी पुस्तकावरचं नाव वाचलं, मग सुनेकडे पाहिलं. "सासऱ्याचं म्हणणं सून आपणहून घरी घेऊन जातेय. माझ्या घरात तर हे कधी घडलं नाही. हेही गेलं असं धरा." आणि टोपी उचलून ते निघून गेले.

सोमवारी मुकादमानं सगळी पुस्तकं परत आणली. आता चुकायचं नाही म्हणून सासऱ्यांनी सुनेला शेजारी बसवलं. "गाळ हा शब्दच नको. दहा वर्षांत कुणी नेलं नाही ते यादीत घे, आणि ते गोदामात. कळलं?"

"कळलं." तिनं कळ दाबली. पडदा कोराच राहिला.

"बिघडलं का गं?"

"नाही बाबा. न नेलेलं असं आता एकही पुस्तक नाही."

सासऱ्यांनी कोरा पडदा जवळ जाऊन पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

दारातून मुकादमानं हाक मारली. "काका, टेंपो उभा आहे. मी काय नेऊ?"

"आत ये, बस," सासरे म्हणाले. "तुला कसलं आवडतं ते आधी सांग."