आपोआप जोडलेल्या पार्टिशनचं प्रकरण

दाखले कार्यालयातला संगणक लिनक्सवर चालत असे आणि जन्ममृत्यूच्या सगळ्या नोंदी त्याच्या डिस्कच्या एका वेगळ्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, होत्या. संगणक सुरू झाला तरी हा भाग आपणहून जोडला जात नसे. मुख्य लिपिक सकाळी येत, चष्मा पुसत, सगळ्यांना पाठमोरं व्हायला सांगत आणि पासवर्ड टाकून पार्टिशन माउंट करत, म्हणजे संगणकाला जोडत. तोवर गावात, निदान सरकारदरबारी, कोणी जन्मलेलं नसे आणि कोणी मेलेलंही नसे.

या जबाबदारीपायी त्यांनी कित्येक वर्षांत रजा घेतली नव्हती. परगावी राहणारी लेक दर फोनला सांगे, नात चालायला लागली, बघायला तरी या. मी आलो तर इथलं सगळं ठप्प होईल, असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांची छाती जराशी फुगे.

एके दिवशी प्रिंटर बघायला आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी जाता जाता संगणकातल्या एका फाइलीत एक ओळ लिहिली. "काका, आता संगणक लावला की पार्टिशन आपोआप जोडलं जाईल. तुम्ही खुशाल रजा घ्या." बाईंचा हेतू चांगला होता. कार्यालयातल्या बहुतेक भानगडी अशाच सुरू होतात.

दुसऱ्या दिवशी मुख्य लिपिक पोचले तेव्हा खिडकीवर दाखले देणं सुरू झालं होतं. कोणी पाठमोरं झालं नाही. कोणी नमस्कारही केला नाही, कारण सगळे कामात होते, आणि असं दृश्य त्या कार्यालयाने पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सवयीने चष्मा पुसला, पण पुढे काय करायचं ते सुचेना. मग ते उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, नोंदी हजर झाल्यात. पण त्यांना हजर कोणी केलं, याची जबाबदारी कोणावरच नाही."

साहेब सावरून बसले. "उद्या काही घोटाळा झाला तर?"

"मी तर हात लावलेला नाही. म्हणजे तुम्हीच उरता."

तातडीने बैठक बसली. स्वयंचलित व्यवस्था बंद करणं शक्य नव्हतं, कारण कार्यालय पूर्णपणे स्वयंचलित झाल्याचं साहेबांनी सकाळीच वर कळवलं होतं आणि वरून अभिनंदनही येऊन पडलं होतं. ती तशीच चालू ठेवणंही शक्य नव्हतं, कारण जबाबदार माणूस सापडत नव्हता. शेवटी सुवर्णमध्य निघाला. धोरणानुसार पार्टिशन आपोआप जोडलं जाईल, नियमानुसार ते लगेच आपोआप सुटेल, आणि मग मुख्य लिपिकांच्या अधिकृत हस्ते पुन्हा जोडण्यात येईल.

तंत्रज्ञ बाईंना परत बोलावलं. त्यांनी आदेश वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला.

"लगेच सोडवायचंच असेल तर मी पहिली ओळच पुसून टाकते की."

"पुसू नका," साहेब म्हणाले. "तिच्यावर अभिनंदन आलंय."

बाईंनी दुसरी ओळ लिहिली. आता खिडकी पूर्वीपेक्षाही उशिरा उघडू लागली. रांगेतल्यांना हे स्वयंचलनामुळे होतंय असं सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी आदराने माना डोलावल्या. ही व्यवस्था शिकून घ्यायला इतर कार्यालयांतून माणसं येऊ लागली, आणि त्या सगळ्यांना मुख्य लिपिक एकदम पाठमोरं उभं करत.

लेकीचा फोन आला. "बाबा, तिकडे सगळं आपोआप झालं म्हणे. मग येताय ना? ही तुम्हाला फोटोतच ओळखते."

"अगं, आपोआप झालंय म्हणूनच निघता येत नाही. पूर्वी नुसतं जोडावं लागायचं. आता आधी ते नीट सुटलंय का, हेही बघावं लागतं."

फोन ठेवल्यावर त्यांना वाईट वाटलं, खरोखरच वाटलं. मग साहेबांनी हाक मारली आणि त्यांना बरं वाटलं.

तुम्हाला हसू आलं असेल तर येऊ द्या. फक्त तुमच्याशिवाय अडणारं जे एक काम आहे ना, ते आज शेजारच्या टेबलावरच्या माणसाला शिकवून टाका. का, काय झालं? थांबलात का?