नानासाहेबांची पाटी आणि टाकीचं भोक

एका जंगलात, बाळांनो, हवेची एक बंदूक होती. हसू नका. जंगलात बंदूक कशी आली, असं विचारणारी मुलं मोठेपणी साहेब होतात आणि त्यांना गोष्टी आवडेनाशा होतात.

या बंदुकीतून गोळी सुटत नसे. तिला खाली एक टाकी होती. टाकीत पंपाने दाबून दाबून हवा भरायची आणि चाप ओढायचा. मोठा आवाज व्हायचा आणि बाजरीवर बसलेले पोपट उडून जायचे. एवढंच तिचं काम.

बाजरी होती गोदा सशिणीची. कणसांत नुकतं दूध भरलं होतं आणि पोपटांचा थवा टेकडीपलीकडे येऊन थांबला होता. तो एकदा शेतात बसला असता, तर गोदाच्या सात पिल्लांना हिवाळाभर गवतावर राहावं लागलं असतं. ससे गवतच खातात, असं म्हणू नका. तुम्हाला हिवाळाभर नुसती पालेभाजी दिली तर कळेल.

बंदूक सगळ्या जंगलाने मिळून आणली होती. अध्यक्ष नानासाहेब अस्वलांनी फक्त पाटी दिली होती. पितळेची, चकचकीत. 'कै. आबासाहेब अस्वल यांच्या स्मरणार्थ.' आबासाहेबांनी हयातीत मधाशिवाय कशाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण पाटी खरोखरच सुंदर होती.

ती सगळ्यांना दिसेल अशी जागा एकच होती, टाकी. मग सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं. बिचाऱ्याला जन्मात कुणी 'ये, भोक पाड' म्हणून बोलावलं नव्हतं, सगळे हाकलतच असत. तो इतका हरखला, की भोक कशात पाडतोय हे त्याने विचारलंच नाही. भोक पडलं, स्क्रू बसला, पाटी लागली. नारळ फुटला आणि तीन भाषणं झाली.

दुसऱ्या दिवशी हवा भरायला घेतली, तर टाकी सूंऽ करून रिकामी.

खवलू मिस्त्री आला. हा खवलेमांजर, बंदुकीची देखभाल करणारा. त्याने टाकीवर साबणाचं पाणी ओतलं. पाटीच्या कडेने बुडबुडे फुलले.

"नानासाहेब, भोक पडलंय," खवलू म्हणाला.

"मग बुजव की."

"हे बुजवायचं भोक नाही. पत्रा पातळ आहे, स्क्रूला दोन आटे धरलेत फक्त. लाख लावली तर गळती थांबेल, हवेचा जोर थोडाच थांबणार आहे? ती स्क्रूच बाहेर फेकेल. नवी टाकी कपाटात पडलीय. बदलायला घटकाभर लागेल."

नानासाहेबांनी पोट खाजवत विचार केला.

"नव्या टाकीवर पाटी आहे का?"

"नाही."

"मग कसं चालेल? समारंभ या टाकीचा झालाय."

"पण थवा उद्या उतरेल हो," गोदा म्हणाली. "माझ्या पोरांचं काय?"

"पोरांनी आबासाहेबांचा आदर्श ठेवावा," नानासाहेब म्हणाले. सुतारपक्ष्याने स्क्रूला लाख फासली आणि तो पुन्हा पिळून बसवला. कपाटाची किल्ली नानासाहेबांच्या गळ्यातच राहिली.

खवलूला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. त्याने पंपाची नळी चांगली लांब केली, बंदूक बांधाच्या पलीकडे ठेवली आणि सगळ्यांना अलीकडे पालथं झोपवलं. नानासाहेब तेवढे बंदुकीशेजारी खुर्ची टाकून बसले. बांधाआडून पाटी दिसत नाही म्हणाले.

सकाळी थवा बाजरीवर उतरला. खवलूने पंप मारायला सुरुवात केली. वीस झाले, तीस झाले. लाख छान धरली होती, टाकी जराही गळत नव्हती. सुतारपक्षी खवलूकडे बघून हसलासुद्धा.

एकेचाळिसाव्या दट्ट्याला स्क्रू सुटला.

पाटीसकट सुटला. पाटीने नानासाहेबांचा फेटा नेला आणि ती गरगरत, उन्हात चमकत, थव्याच्या मधोमध घुसली. पोपटांनी आवाज पुष्कळ ऐकले होते, पण त्यांच्या अंगावर आजवर कुणाचं स्मारक आलं नव्हतं. ते असे पळाले की पुन्हा फिरकलेच नाहीत. गोदाची बाजरी वाचली.

संध्याकाळी सभा भरली. आबासाहेबांच्या पाटीने पीक वाचवलं, असा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. सुतारपक्ष्याला शाल मिळाली. मंगल प्रसंगी बांधाआड झोपून घबराट पसरवल्याबद्दल खवलूला लेखी समज मिळाली. मग नानासाहेबांनी गळ्यातली किल्ली काढून कपाटातली नवी टाकी बाहेर आणवली. पाटी एकाच स्क्रूवर होती म्हणून उडाली, असं समितीला आढळलं होतं. तेव्हा नव्या टाकीला चार भोकं.

सुतारपक्षी लगेच कामाला लागला.

गोदा खवलूसाठी बाजरीची गरम भाकरी घेऊन गेली, तेव्हा तो बांधावर मातीचं घमेलं रिकामं करत होता.

"खवलूभाऊ, आता हे काय?"

"बांध वाढवतोय, गोदाताई. चार स्क्रू आहेत."

गोदा खळखळून हसली. मग तिने भाकरी झाकून ठेवली आणि दुसरं घमेलं उचललं.

तात्पर्य: एका भोकाने काम बिघडलं, तर खचू नये. आणखी तीन पाडावीत. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी वाद घालू नये. बांधावर माती टाकायला माणसं कमी पडताहेत.