सुगंधाकाकींची ठेव

आमच्या शेजारच्या सुगंधाकाकींकडे गुरुवारी सकाळी गॅसचा सिलिंडर घेऊन जायचं नसतं, हे आता नव्या डिलिव्हरीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. आधीच्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात उभा राहिला. आत संगीत चालू होतं. काकींनी एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हाताने ओटीवरची जागा दाखवली आणि हळूच म्हणाल्या, "बस जरा. येवढं गानं संपू दे."

कुणाचं गाणं मध्येच तोडू नये, म्हणून तो भला माणूस बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चाल बदलली, ठेका बदलला, गाण्यातच कुणी एक बाई येऊन काहीतरी कुजबुजून गेली, पण गाणं काही संपेना. त्याने दोनदा विचारलं. काकी म्हणाल्या, "तेच चालू हाय." शेवटी मी त्याची सुटका करायला गेलो, तेव्हा तो भिंतीला टेकून घोरत होता आणि रस्त्यावर टेंपोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला होता.

काकी खोटं बोलत नव्हत्या. ते गाणं संपतच नाही. तीन सीडींची एक पेटी आहे, आणि कुणा परदेशी डीजेने त्यात एका गाण्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं असं मिसळत नेलंय की सांधा कुठे सापडत नाही. पेटीवर 'डाउनटेम्पो' आणि 'प्रोग्रेसिव्ह हाउस' असे शब्द आहेत. पहिल्या प्रकारात फार सावकाश काहीच घडत नाही. दुसऱ्यात आता घडेल, मग घडेल असं वाटत राहतं, आणि खरंच काही घडतं तेव्हा आपण उठून पाणी प्यायला गेलेलो असतो. ही विद्या मी काही हौसेने मिळवलेली नाही. खोपोलीला मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमची आणि काकींची भिंत एक आहे. बाकीचं आपण समजून घ्या.

काकी सत्तरीच्या. अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा तळेगावला कंपनीत, मुलगी कशेळ्याला दिलेली; दोघंही गौरी-गणपतीला येतात. घरामागे थोडी भातशेती आहे, आणि एक खोली जवळच्या धरणावर येणाऱ्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देतात. त्यांच्या देवघरात दत्त आहे आणि कानांत भजन-हरिपाठ. अशा बाईने दर गुरुवारी चार तास हे असलं संगीत का लावावं, असा प्रश्न इथे राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच मी त्यांना विचारला.

"लावावं लागतं," काकी म्हणाल्या. "माझं नाय ते. ठेव हाय परक्याची."

हकिकत अशी. आम्ही इथे येण्याच्याही आधी समीर नावाचा एक तरुण मुंबईतली नोकरी सोडून त्या मागच्या खोलीत तीन-चार महिने येऊन राहिला होता. दिवसभर ओटीवर आडवा पडून या तीन सीडी ऐकायचा. काकींना आधी वाटलं, पोरगा आजारी आहे. त्यांनी त्याला नाचणीची भाकरी, सुकट आणि शिव्या यांवर ठेवलं. त्याची तब्येत सुधारली, त्याला नवी नोकरी लागली. जाताना मोटरसायकलवर सगळं मावेना, तेव्हा तो प्लेअर आणि पेटी काकींच्या हातात देऊन म्हणाला, "काकू, हे जपून ठेवा. अधूनमधून लावत जा, नाहीतर बंद पडेल. मी येतो न्यायला."

एवढं बोलून तो गेला तो गेलाच. आपण असं बोलणं सोडून देतो. काकी सोडून देणाऱ्यातल्या नाहीत. गुरुवारी घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे हाताला सवड, म्हणून गुरुवार ठरला. हातपाय धुवायचे, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने सीडी पुसायची, आणि तिन्ही ओळीने लावायच्या. कुणाची गाडी आपल्या अंगणात उभी असली तर आपण ती अधूनमधून चालू करून ठेवतोच की, तसंच हे. मध्ये बंद करायचं नाही. एकदा दुसरी सीडी निम्म्यावर असताना वीज गेली, तर वीज आल्यावर काकींनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

सीडींना त्यांनी नावं दिली आहेत. पहिली निजती, दुसरी चालती, तिसरी पळती. निजतीला तांदूळ निवडायचे, चालतीला भाकऱ्या, पळतीला भांडी. भाकरी थापताना त्यांचा हात बरोब्बर ठेक्यावर पडतो. पायातली जोडवी फरशीवर टकटक वाजत असतात. मी म्हटलं, "काकी, आवडतं की तुम्हाला!"

"हट!" काकी म्हणाल्या. "मला काय कळतं त्यातलं? पाय दुकतात म्हनून हालवते."

दुसऱ्या सीडीत ती जी बाई कुजबुजते, तिच्याशी मात्र काकींची ओळख झाली आहे. ती आली की काकी हातातलं काम ठेवून "हां गं बाई, हां" असं म्हणतात. ती काय म्हणते ते कान देऊनही मला समजलेलं नाही. काकींचं मत, तिला सासरी त्रास असावा.

चौक गावातल्या त्यांच्या भाच्याच्या हळदीच्या वेळची गंमत तर पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्याकडे हळद म्हणजे डीजे, आणि डीजे म्हणजे छातीचा पिंजरा हलला पाहिजे. भाच्याचे मित्र काकींकडे येऊन थडकले. "काकी, तुमच्याकडं डीजे हाय म्हनं? ऐकवा की!" काकींनी निजती लावली. मंडळी मोठ्या आशेने बसली. समुद्राचा आवाज आला, कुठेतरी घंटा वाजली, मग पुन्हा समुद्र.

"काकी, ठोका कवा येतो?"

"येतंय रं. दम धर."

एकाने दम धरता धरता जांभई दिली, मग दुसऱ्याने. तिसरा उठून बाहेर जाऊन फोनवर बोलत बसला तो आलाच नाही. "काकी, ह्याच्यावर हळद नाय हो, तेरावा व्हईल," असं म्हणून बाकीचे पळाले. काकींना तो अपमान आपला नव्हे, समीरचा वाटला. त्या हळदीला गेल्या, जेवल्या, पण डीजे सुरू झाल्यावर कानांत कापूस घालून बसल्या.

दोन वर्षांपूर्वी प्लेअर बंद पडला. माझ्या गुरुवारांना चांगले दिवस आले असं मला वाटलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून येतो तो काकी गोधडीत प्लेअर गुंडाळून आमच्या दारात. "चल, चौकला जाऊ." स्कूटरवर मागे बसून, मांडीवर ते गाठोडं घेऊन, प्रत्येक खड्ड्याला त्या माझ्या पाठीत बुक्की मारत होत्या. चौकच्या दुरुस्तीवाल्याने प्लेअर उघडला आणि मान हलवली. "मावशी, भिंग गेलंय. हे आता कोनी वापरत नाय. फेका, आनि पेनड्राइव्हवाला स्पीकर घ्या."

"माझं असतं तर येताना धरनात टाकलं असतं," काकी म्हणाल्या. "लोकाचं हाय. तो आला तर काय पेनड्राइव दाखवू त्याला?"

त्या दुकानासमोरच्या बाकावर बसल्या आणि उठेनात. शेवटी दुरुस्तीवाल्याने मागून दोन मेलेले प्लेअर शोधून काढले आणि त्यांतल्या एकाचं भिंग याला बसवलं. काकींनी तिथेच चालती लावून खात्री करून घेतली. कुजबुजणारी बाई आली तेव्हाच त्या उठल्या.

परत येताना माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, तो समीर आता काही येत नाही. विसरला असेल."

पाठीत बुक्की आली नाही. पुढचे आठ दिवस आमच्याकडे त्यांचं विरजण मागायला येणं बंद झालं. बायको मला म्हणाली, "कशाला बोलायला गेलात? त्यांचं काय जातंय वाट बघण्यात?"

आणि बघा, मी तोंडघशी पडायचा होतो म्हणून म्हणा, या मार्गशीर्षात समीर आला. रविवारी दुपारी काकींच्या दारात एक मोठी गाडी थांबली. त्यातून थोडं टक्कल पडलेला एक गृहस्थ, त्याची बायको आणि लहान मुलगी असे उतरले. काकींनी त्याला डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ओळखलं. मला भिंतीपलीकडून हाक आली, "सुरेश! अरं ये लवकर! तो आला!"

मी गेलो. तो वाकून काकींच्या पाया पडला. मिठाईचा पुडा दिला. माणूस लाघवी होता, त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. काकींनी चहासुद्धा ठेवला नव्हता. आधी आत जाऊन त्या प्लेअर आणि पेटी घेऊन आल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

"बघून घे. तिन्ही हायत. वरखडा नाय कुठं."

त्याने पेटीकडे पाहिलं. त्याला आठवायला एक क्षण लागला, आणि तो क्षण काकींनी पाहिला. मग तो मोठ्याने हसला. "बाप रे! काकू, हे अजून ठेवलंय तुम्ही?"

"तूच म्हनला व्हतास ना, येतो न्यायला."

"अहो, आता सीडी कोण ऐकतं? सगळं फोनमध्ये असतं." त्याने खिशातून फोन काढला, दोनदा बोट फिरवलं, आणि निजतीचा समुद्र त्या तळहाताएवढ्या चपट्या वस्तूतून वाहू लागला. काकी फोनकडे पाहत राहिल्या. तो म्हणाला, "हे तुम्हालाच राहू दे, काकू. आजपासून तुमचंच." मुलीला धरण दाखवायचं होतं, मग एक्स्प्रेसवेला गर्दी व्हायच्या आत निघायचं होतं. चहा घेऊन ते गेले. काकी फाटकापर्यंत पोचवायला गेल्या आणि गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

पुढच्या गुरुवारी मी सवयीने उशीत डोकं खुपसून पडलो होतो. नऊ वाजले, दहा वाजले. घाटात जादा इंजिनं जोडून मालगाडी चढत होती, तिची घरघर ऐकू आली. भिंतीपलीकडे काही नव्हतं.

"आज काकींकडे काही लागलं नाही," बायको म्हणाली. "बरं नाही की काय?"

मी गेलो. काकी ओटीवर सूप घेऊन बसल्या होत्या. तांदूळ निवडून झाले होते, तरी तेच पुन्हा निवडत होत्या. प्लेअरवर गोधडी टाकलेली.

"वीज नाही का, काकी?"

"हाय."

"मग लावलं नाहीत?"

"माझंच झालं ना आता ते."

"मग तर बरंच झालं. मनाला येईल तेव्हा लावा. आणि आवडत नाही वगैरे मला सांगू नका."

"आवडतं रं," काकी म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "पन ते लावलं की वाटायचं, कोनीतरी यायचं हाय आपल्याकडं. आज ना उद्या, न्यायला का व्हईना, येनार हाय. आता कोन येनार? लावून काय करू?"

इतके गुरुवार मी त्या संगीताला भिंतीपलीकडून नावं ठेवली, आणि त्या दिवशी ते नव्हतं तर ती शांतता मलाच नकोशी झाली. मी गोधडीचं टोक उचलून प्लेअर पाहिला. मग म्हणालो, "तुम्हाला नको असेल तर मला द्या."

"ने," काकी म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मी प्लेअर, पेटी आणि लुगड्याचा तुकडा घेऊन घरी आलो. बायकोने कपाळावर हात मारला. "एवढी वर्षं बोटं मोडलीत, आणि आता घरातच आणलंत?" मी तिला काय मनात आहे ते सांगितलं. ती चहाचं आधण उतरवून माझ्याबरोबर निघाली.

आम्ही दोघं पुन्हा काकींच्या ओटीवर गेलो. मी सगळं सामान त्यांच्यापुढे ठेवलं.

"काकी, आता ही वस्तू माझी. पण आमच्याकडे ठेवायला धड जागा नाही, आणि जपायचं आमच्याच्याने व्हायचं नाही. तुमच्याकडे राहू दे. अधूनमधून लावत जा, नाहीतर बंद पडेल. मी येतो न्यायला."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या काही खुळ्या नाहीत. मग बायकोकडे पाहिलं. बायकोने पदराचं टोक उगाचच नीट केलं. काकींनी हात लुगड्याला पुसले, पेटी उचलून मांडीवर घेतली आणि तिन्ही सीडी आहेत ना, हे उघडून पाहिलं.

"कवा येशील न्यायला?"

"बघू. सवड झाली की."

"सवडीनंच ये," काकी म्हणाल्या. "पन ये हां."