कुंपणातलं दार

पंख्याची तीन पाती, पैकी एकाला गंज.

करांदे राखेच्या पाण्यात उकडले की त्यांचा कडूपणा जातो.

बदलापूर स्टेशनबाहेर एक रिक्षावाला ओरडतोय, "दार, दार, दार. एक सीट."

लोखंडी खाट उभी करून जमिनीत रोवली की तिच्यावर कुणाला झोपता येत नाही, पण दुधीला चढता येतं.

भिंतीला कुणी हाक मारत नाही.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कळायला चिंतामणराव टिपणिसांना अख्खा हिवाळा लागला.

*

ब्याण्णव सालच्या दसऱ्याला चिंतामणराव अंबरनाथचं क्वार्टर सोडून सोनिवलीला राहायला आले. कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. नव्या वसाहतीतलं हे शेवटचं घर त्यांनी एकट्याच्या हट्टाने घेतलं होतं. पुढे डांबरी रस्ता, मागे घराचीच मोकळी जागा, तिच्यापलीकडे डोंगर. पहिल्या संध्याकाळी वृंदाबाईंनी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून पाहिलं. कमरेच्या वर वाढलेली घाणेरी, टाकळा, काँग्रेस गवत, आणि मधूनच डोकं वर काढलेलं बिल्डरचं फुटकं पिंप. त्यांनी दार लावून घेतलं.

"मी संक्रांतीपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "नाही करमलं तर आपण परत अंबरनाथला. उमाच्या वरचा ब्लॉक रिकामाच आहे."

उमा ही त्यांची क्वार्टरमधली शेजारीण, आता गावातच ब्लॉक घेऊन राहणारी. वीस वर्षं दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर होत्या. चिंतामणरावांनी या वाक्याचा रात्रभर विचार केला आणि सकाळी निदान काढलं की दोष मागच्या जंगलाचा आहे. तिथे बाग झाली की बाई रमेल. संक्रांतीला वेळ होता. माळी लावायचा नाही, बाहेरून काही विकत आणायचं नाही, असंही त्यांनी त्याच बैठकीत ठरवून टाकलं.

विकत आणायची गरजही नव्हती. चिंतामणरावांची नोकरी तपासणी विभागातली. समोर आलेली वस्तू पास करायची किंवा बाद करायची. तीस वर्षं दिवसभर वस्तू बाद करून आल्यावर घरी एकही वस्तू बाद करणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यामुळे क्वार्टरमधून निघालेल्या टेम्पोत निम्मं सामान 'उपयोगी पडेल' या जातीचं होतं. डालड्याचे डबे, सोडावॉटरच्या बाटल्या, पंख्याची पाती, मोडकी खाट, बाथरूमच्या उरलेल्या लाद्या. शिवाय नव्या घराचं पुढचं दार पहिल्याच पावसात फुगल्यामुळे बिल्डरने बदलून दिलं होतं, आणि ते फुगलेलं दारही चिंतामणरावांनी परत जाऊ दिलं नव्हतं.

शेजारचे गुरुदत्त कामत बँकेत होते. सामान उतरताना ते मदतीला आले. "चिंतामणराव, भंगारचं दुकान टाकताय की काय?" त्यांनी विचारलं. "उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टाका. इथे गिऱ्हाईक कोण?"

*

चिंतामणराव पहाटे कोयता घेऊन मागे उतरत आणि नाश्त्याला अंगभर कुसळं घेऊन परत येत. दिवाळीपर्यंत जमीन दिसू लागली. डालड्याच्या डब्यांत झेंडू उगवला, खाटेवर दुधी चढला, पंख्याची पाती मिरच्यांच्या वाफ्याला कड म्हणून बसली.

साफ करताना त्यांना एक चमत्कार सापडला. मागच्या कुंपणातल्या खिंडारापासून घराच्या बाजूने पुढच्या फाटकापर्यंत हातभर रुंदीचा एक पट्टा असा होता की तिथे काहीच उगवलेलं नव्हतं. जमीन कशी तर घोटल्यासारखी कडक. पुढे वाकलेली घाणेरी बाजूला केली की खाली स्वच्छ. बागेला पायवाट हवीच होती आणि ती निसर्गाने आयती दिली होती. चिंतामणरावांनी तिच्यावर बाथरूमच्या निळ्या लाद्या बसवल्या, दोन्ही कडांना सोडावॉटरच्या बाटल्या उलट्या पुरल्या, आणि वृंदाबाईंना बोलावून दाखवलं.

"छान आहे," वृंदाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ही जाते कुठे?"

"बागेतली वाट कुठे जात नसते. ती फिरायला असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरून सात बायका आल्या. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, करांद्यांच्या, म्हणजे रानकंदांच्या, पाट्या, एकीच्या कडेवर मूल. सगळ्यांत पुढे तुळशी. डोंगरातल्या वाडीची ही बाई चाळिशीतली असावी, आणि तिने मोळी न उतरवताच चिंतामणरावांना शाबासकी दिली.

"बरा केलास दादा, वाट मोकली केलीस. दोन वरसा नाल्याकडना फेरा घालतो आमी." मग पायाखाली बघून म्हणाली, "आनि लाद्या पन घातल्यास. पाय भाजत नाय."

वाडीची बाजारची वाट वसाहतीच्या आधीपासून तिथूनच जात होती. दोन्ही बाजूंचं तण माजून वर वाकलं म्हणून ती दोन वर्षं बंद पडली होती. ती कोयत्याने उघडून, वर फरसबंदी करून देणारा पहिला माणूस चिंतामणराव होते.

*

त्यांनी नम्रपणे सांगून पाहिलं की ही खासगी जागा आहे. बायकांनी तितक्याच नम्रपणे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी खासगी जागेतून जरा हळू आवाजात गेल्या. मग त्यांनी वाटेवर फुटकं पिंप आडवं ठेवलं. ते बायकांनी उचलून कडेला ठेवलं आणि जाताना परत जागच्या जागी लावलं. गुरुदत्त म्हणाले, बोर्ड लावा, प्रायव्हेट म्हणून. पण वाडीत वाचणारं कोण होतं?

भिंत घालावी तर विटा आणाव्या लागणार. काटेरी तारेचंही तेच. घरात उरलेलं काय होतं?

एक दार.

चिंतामणरावांनी कुंपणातल्या वाटेच्या तोंडाशी चौकट रोवली, फुगलेलं दार रंधा मारून तिच्यात बसवलं आणि आतून कडी लावली. कुंपण दोन्ही बाजूंना छातीइतकं, मधे हे पुरुषभर उंच सागवानी दार, वर पितळी कडीसकट. त्यांना ते शोभून दिसलं. शिवाय त्याचा अर्थ स्पष्ट होता.

अर्थ खरंच स्पष्ट होता, पण वेगळा. सकाळी दारापलीकडून हाक आली, "बाय, कडी काढ गो."

चिंतामणराव अंघोळीला होते. वृंदाबाई पोळ्या टाकून गेल्या आणि दार उघडलं. दारात बाई उभी राहून हाक मारतेय म्हटल्यावर दुसरं काय करणार? पुन्हा, सकाळच्या वेळी आलेल्या बाईला पाणी न विचारता कसं सोडायचं? सात जणी दुधीच्या सावलीत टेकल्या. मुलाला खाटेच्या पट्टीला झोळी बांधून निजवलं. चिंतामणराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि तसेच आत गेले.

त्यांनी तुळशीला गाठून विचारलं की दार बंद दिसत असताना हाक कशाला मारता. तिला प्रश्नच कळला नाही. "दार ठेवलंस ना तू?" ती म्हणाली. "दाराशी येऊन हाक नाय मारायची, तं काय चोरासारखा कुंपनावरना उरी मारायची?"

पुढचं सगळं ओघाने आलं. वृंदाबाई कडी काढायला ठरल्या वेळी मागे जाऊ लागल्या. करांदे घरात आले. ते कडू लागतात म्हटल्यावर तुळशीने स्वयंपाकघरात बसून राखेचं पाणी कसं करायचं ते दाखवलं. वाडीतल्या सोनी नावाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, त्यातल्या अडचणी चिंतामणरावांना जेवताना कळत. सासू कोणाची वाईट, कोणाची बरी, त्या सातांतल्या गोमाच्या नवऱ्याने बारवी धरणाच्या कामावर कसा झगडा केला, हेही. एका बोकडाने झेंडू खाल्ला. इकडे पुढच्या फाटकाशी मोळीवाल्या बायका बाहेर पडतात हे रिक्षावाल्यांच्या लक्षात आलं आणि एकेक रिक्षा तिथे थांबू लागली.

एकदा चिंतामणराव उल्हासनगरहून कोयत्याला धार लावून बदलापुरात उतरले. बाहेर रिक्षावाला त्यांच्यासमोर ओरडत होता, "दार, दार, दार. चला काका, एक सीट खाली है."

"हे कुठे आलं?"

"दार नाही माहीत? सोनिवलीचं. वो पागल बुड्ढ्याने जंगलात दरवाजा लावलाय ना, तिकडे."

चिंतामणराव चालत घरी गेले.

*

संक्रांत जवळ येत होती आणि बागेचा बाजार झाला होता. वृंदाबाई जाण्याबद्दल काही बोलत नव्हत्या. पण तपासणी विभागात माल बोलत नाही म्हणून तो पास धरत नाहीत. चिंतामणरावांनी ठरवलं की आता विलंब नको. वृंदाबाई उमाच्या नातवाच्या बारशाला दोन दिवस अंबरनाथला गेल्या, तेवढ्यात त्यांनी दार काढलं, वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काटेरी फांद्यांची जाड काटी घातली, लाद्या उचलल्या, जमीन खणली आणि तिथे शेवंती लावली. गुरुदत्तांच्या बागेतली कळ्या धरलेली रोपं मुळासकट, मातीसकट आणून लावली.

सकाळी तुळशी आली. काटी पाहून वळली. हाक नाही, तक्रार नाही. सगळ्या जणी मोळ्या सावरत नाल्याकडे गेल्या. आपण आधीच काटी का घातली नाही, असं चिंतामणरावांना वाटलं.

वृंदाबाई परत आल्या, मागे जाऊन उभ्या राहिल्या. शेवंती फुलत होती. दुधीखाली कुणी नव्हतं. झेंडूला पुन्हा पानं आली होती. त्या आत आल्या. मग रोज ठरल्या वेळी त्या मागच्या दाराशी जात, थोडा वेळ उभ्या राहत आणि परत येत. करांदे संपले. जेवताना चिंतामणरावांना चमच्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वृंदाबाईंनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला सांगितली.

"का?"

"उमाला सांगून आलेय. ब्लॉक अजून रिकामा आहे."

"अगं, पण बाग." चिंतामणराव ट्रंक हातात धरून तसेच उभे राहिले. "आत्ता कुठे बाग झालीय. तू नीट बघितलीस का?"

"बघितली."

"मग?"

वृंदाबाईंनी ट्रंक त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवली. रागावलेल्या नव्हत्या त्या, म्हणून चिंतामणरावांना जास्त भीती वाटली. "अहो, सोनीचं जमलं की मोडलं, हे मला कळायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "बागेला विचारू का?"

*

काटी घालायला वेळ लागत नाही. काढायला लागतो, कारण ती घालताना बाहेरून आत ढकललेली असते आणि काढताना सगळे काटे आपल्याकडे वळतात. चिंतामणरावांनी पहाटे हातांना पोती गुंडाळून ती ओढली. शेवंती उपटून कडेला लावली, लाद्या वाकड्यातिकड्या का होईना, पुन्हा ठेवल्या. चौकट रोवली. दार बसवलं. मग दारापाशी उभे राहून वाट पाहिली.

कुणी आलं नाही. काटी घातली म्हणजे नाही म्हटलं, आणि दार पुन्हा लागलंय हे नाल्यावरून दिसत नव्हतं. सांगायला जायला हवं होतं.

वाडी अर्ध्या तासाच्या चढावर होती. तुळशी अंगण सारवत होती. हातातलं काम तिने थांबवलं नाही. चिंतामणरावांनी तीस वर्षांत कारखान्यात एकदाही न केलेली गोष्ट केली. बाद केलेला माल परत पास केला.

"काटी काढली," ते म्हणाले.

"आनि दार?"

"लावलंय."

तुळशीने त्यांच्या ओरखडलेल्या हातांकडे बघितलं. "मंग मारू हाक," ती म्हणाली. सोनीचं जमलं होतं. माघातलं लग्न होतं. तुळशीने फडक्यात करांदे बांधून गाठोडं त्यांच्या हातात दिलं. उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी ते डोक्यावर घेतलं.

वाट सरळ होती. घर वरून स्वच्छ दिसत होतं, कुंपण दिसत होतं, त्यात उभं दार दिसत होतं. खरंच वेड्यासारखं दिसत होतं ते. चिंतामणराव खाली पोचले, दार ढकललं. आतून कडी होती. पहाटे त्यांनी लावली नव्हती, म्हणजे वृंदाबाईंनी मागे येऊन पाहिलं होतं.

कुंपण छातीइतकंच होतं. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"अगं, कडी काढ."

आत पावलं आली. थांबली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"चिंतामण," ते म्हणाले. आपलं नाव या बाईला आपण कधी सांगितलं होतं, ते त्यांना आठवेना.

"काय आणलंय?"

"करांदे. आणि सोनीचं जमलं. माघात आहे."

कडी निघाली. वृंदाबाईंनी गाठोडं उतरवून घेतलं, त्यांना दुधीखाली बसवलं आणि पाणी आणायला आत गेल्या. ट्रंक उघडीच होती, तिच्यात दोन पातळं होती. जाता जाता त्यांनी ती पातळं उचलून कपाटात ठेवली. मग तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि विचारलं, "मुलगा कुठला?"

ते विचारायला चिंतामणराव विसरले होते.

शेवंतीच्या वासाने वृंदाबाईंचं डोकं चढतं, हे त्यांनी लग्नाच्या वर्षी, त्रेसष्ट साली, नवऱ्याने पहिली वेणी आणली तेव्हाच सांगितलं होतं.