बारावा शपथवाला

सत्य ही एकट्यादुकट्याने पेलायची वस्तू नव्हे. तिला बारा माणसे लागतात.

हे आमच्या शस्त्रसभेने, म्हणजे भाले घेऊन निवाड्याला जमणाऱ्या पंचक्रोशीने, फार पूर्वी ओळखले. आरोप आला की आरोपीने "मी केले नाही" अशी शपथ घ्यायची आणि बारा शेजाऱ्यांनी मागोमाग म्हणायचे, "याची शपथ स्वच्छ आहे." झाले, सुटला. घडले काय, हे त्या बाराजणांना ठाऊक असण्याची गरज नाही. ठाऊक असले तर ते साक्षीदार ठरतात आणि निकाल विनाकारण लांबतो. (अकराच जमले, तर मात्र चर्चमध्ये लालबुंद तापलेले लोखंड हातात धरून नऊ पावले चालायचे. तिसऱ्या दिवशी हात चिघळलेला दिसला की चोर. गेल्या दहा वर्षांत सातजण चालले. निर्दोष एकच ठरला, आणि तो लोहार होता.)

सध्या डुकरीण चोरल्याचा आरोप माझ्यावर, म्हणजे विगमुंडवर, आहे. फिर्यादी ग्रिमकेल, समुद्रापलीकडून आलेला डेन. नऊ वर्षांपूर्वी हा चाळीस माणसांनिशी लांब होडीतून आला आणि त्याने आमचे चर्च, जवाची गंजी आणि माझे सासरे जाळले. पुढे दोन्ही राजांचा तह होऊन मागचे सगळे माफ झाले. (सासऱ्यांचे मी तहाआधीच माफ केले होते.) ग्रिमकेलने इथेच जमीन धरली, माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न केले. गाव जाळणे हे राजकारण; त्यावर तह होतो. डुकरिणीचे तसे नाही. तिथे कायदा आहे.

परवा तो कुंपणावरून म्हणाला, "मेव्हण्या, तुझ्या घरातून भाजल्याचा वास येतोय."

"नाताळचा असेल, भावोजी."

"ईस्टर होऊन गेला की रे!"

"आमच्या घरात हवा खेळत नाही."

"तुम्ही सॅक्सन तेव्हाच बरे होतात," तो उसासा टाकून म्हणाला. "आम्ही दिसलो की सरळ पळायचात."

शपथवाल्याची आरोपीच्या चारित्र्याबद्दल खात्री पटावी लागते, आणि रिकाम्या पोटी खात्री पटत नाही, हे सर्वमान्य आहे. म्हणून मी एकेकाला जेवायला बोलावले. शेजारच्या काड्डाने ताटावर बसताच तोंड उघडले.

"विगमुंडा, खरं सांग, डुकरीण तूच..."

"थांब! मी सांगितलं की तू साक्षीदार झालास. मग तुझी शपथ चालणार नाही."

"अरे हो की," काड्डा म्हणाला. "वाढ मग. तो कडेचा चरबीवाला."

सरदाराची एक शपथ सहा शेतकऱ्यांइतकी भरते, म्हणजे दोन सरदारांत काम भागले असते. पण आमच्या सरदारांना एखाद्या तुकड्यावर चारित्र्य दिसत नाही. त्यांना अख्खे जनावर लागते, आणि जनावर एकच होते. (असे ऐकतो.)

काल बायको, बर्नविन, म्हणाली, "अहो, अकरा जेवून गेले. मागचा अर्धा पाय उरलाय. बारावा कोण ते लवकर बघा, नाहीतर तुमच्याच हाताला मलम लावत बसेन मी."

गावात आता कोणी उरलेले नाही. एक तर ते माझ्याकडे जेवलेत, नाहीतर ग्रिमकेलकडे. बारावा बाहेरचाच हवा. त्याने डोळ्यांनी काही पाहिलेले नसावे. माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकलेले असावे, ग्रिमकेलला एक शब्दही विचारलेला नसावा, आणि तरी मनाशी ठरवून टाकलेले असावे की माणूस तसा बरा आहे, हसवतो.

तर गुरुवारी सकाळी, मोठ्या ओक वृक्षाखाली या. येताना भाला आणा. आमच्याकडे होकार खडखडवून देतात. वाक्य चारच शब्दांचे आहे. मध्ये 'बहुतेक' घालू नका. अडखळलात तर उजवा हात माझा जाईल.

तुमचा वाटा बर्नविनने खारवून ठेवला आहे. कशाचा, ते इतका वेळ विचारले नाहीत, आता तरी कशाला विचारता?