हंगेरियन शुद्धलेखन आणि आमचे डबे

हंगेरियन भाषेचं शुद्धलेखन मी एका सकाळीत सुधारलं. चहा गार व्हायच्या आत!

माझी सून बोग्लार्का हंगेरीची. तिची आई, इबोयाबाई, पहिल्यांदाच आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर येणार होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही, मलाही नाही. विहीणबाईंना परक्या स्वयंपाकघरात अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून डब्यांवर त्यांच्या भाषेत नावं चिकटवायचं मी ठरवलं.

मिठाला काय म्हणता, असं सुनेला विचारलं. म्हणाली, "शो." आणि लिहिताना चक्क एस काढला! एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, पाट्या बघून एवढी अक्षरं मलाही ओळखू येतात. मग स कसा लिहिता? तर म्हणे, एसला झेड जोडून! माझं डोकंच फिरलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात बसून एकेक अक्षर कमावलंय मी. अशी उधळपट्टी मला बघवत नाही.

"अगं, तुमच्यात सांगायला कोणी मोठं माणूस नव्हतं?"

"आई, पहिल्यापासून असंच आहे."

"म्हणून पुढेही चालवायचं?"

लोकांच्या भाषेत हात घालू नकोस, असं माझ्या मुलाने, धम्मदीपने बजावलं. मी ऐकते होय! सगळे हंगेरियन शब्द उच्चारतात तसे देवनागरीत लिहिले. शो, त्सुकोर, लिस्त. कसे स्वच्छ!

रविवारी धम्मदीपच्या ऑफिसातले प्रबोध आणि गार्गी जेवायला येणार होते. इबोयाबाईंनी मटणाचा गुलाश करायचं मनावर घेतलं. लेकीच्या सासरी त्यांचा पहिलाच स्वयंपाक. मुलगा-सून पाव आणायला खाली गेलेले. बाईंनी डब्यावरची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, शेवटी अंदाजाने चार चमचे पांढरी पूड पातेल्यात टाकली आणि मग डबा घेऊन माझ्याकडे आल्या. मी खणखणीत वाचलं, "त्सुकोर."

बाईंचा चेहरा उतरला. ती मी मिक्सरमध्ये बारीक केलेली साखर होती. वाचता मला येत होतं, कळत त्यांना होतं. आणि आम्ही दोघी भेटलो चार चमच्यांनंतर!

जेवताना प्रबोधने अगदी सभ्यपणे विचारलं, हंगेरीत जेवण गोडसर असतं का. सुनेने ते आईला सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राहवेना.

"यात विहीणबाईंचा काही दोष नाही," मी म्हणाले. "दोष त्यांच्या शुद्धलेखनाचा."

"आई," सून म्हणाली.

"बरं. थोडा माझा."

आता धम्मदीपने सगळ्या डब्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या लावल्यात. त्यामुळे इबोयाबाई आणि मी, दोघीही झाकण उघडून बोट बुडवतो आणि चाखून बघतो. काल पहिल्याच डब्यात तिखट निघालं.