सगुणबाबांच्या मते ही चाडी

सगुणबाब सिनेमा बघतात तेव्हा टीव्हीवर पंचा टाकतात.

म्हणजे अख्खा पडदा झाकतात आणि समोर मांडी घालून, डोळे मिटून बसतात. त्यांच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स द्यायला एकदा घरी गेलो तेव्हा हा प्रकार पाहिला. पंच्यामागे इमारती कोसळत होत्या, माणसं किंचाळत होती, आणि म्हातारा शांतपणे बोटं मोडत होता. मला बघून म्हणाले, "बस. आता तो काळो येतलो." मी पंचा वर करून पाहिलं. काळ्या झग्यातला खलनायक खरंच जिना उतरत होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"संगीतान सांगला. थंयच तर तेंचा चुकला. येणाऱ्याक आधी येवंदे, मागीर वाजव. आधीच वाजवलंस तर ती चाडी."

चाडी म्हणजे चहाडी. हा शब्द सगुणबाबांच्या तोंडून दिवसात वीसेक वेळा येतो. पोदेर पाव घेऊन दारात पोचायच्या आधीच सायकलचा भोंगा वाजवतो, ती चाडी. पाहुणा फाटकाशी यायच्या आत कुत्रा भुंकतो, तीही चाडी. गावच्या जत्रेतल्या नाटकांना त्यांनी तीस वर्षं पायपेटीवर पार्श्वसंगीत दिलं. त्यामुळे या विषयात आमच्या मुळगावात त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. आम्ही तिघं सोडून.

आम्ही तिघं म्हणजे मी, माझी चुलत बहीण प्राची आणि शिवा. मी झेरॉक्सचं दुकान चालवतो, प्राची कॉलेजात शिकवते आणि शिवा खाणीवर ट्रक चालवतो. पंच्यामागच्या त्या सुपरहिरोच्या सिनेमाच्या पार्श्वसंगीताला परदेशातलं मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हापासून माझ्या दुकानात रोज संध्याकाळी त्यावर वाद चालतो. गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी ताटकळतं. मी म्हणतो, बक्षीस योग्य मिळालं. शिवा म्हणतो, "छातीत धडधडता मां? मगे बास." प्राची म्हणते, संगीत आधी वाजतं म्हणून तर भीती वाटते, नाहीतर नुसतं दचकणं होईल. आणि सगुणबाब दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीत बसून तिघांना पुरून उरतात.

या वादाला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. सगुणबाबांचा मुलगा मिलिंद इंग्लंडात एका गोदामात कामाला आहे. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरात हे एकटेच. त्यांचं घर डोंगराच्या पोटात, तिथे फोनला रेंज नाही. म्हणून दर रविवारी चार वाजता ते मुलाचा फोन घ्यायला माझ्या दुकानात येतात. पूर्वी तो फोन स्पीकरवर असा व्हायचा: "जेवलंस?" "जेवलंय. तुमी?" "जेवलंय. थंडी आसा?" "आसा." "बरा, ठेव." मी मागे कागद मोजत असल्याचं सोंग करायचो. दुसऱ्याच्या घरातलं एवढं ओझं आपल्या कानावर पडू नये असं वाटायचं.

एका रविवारी फोन आला तेव्हा आमचा वाद रंगात होता. मिलिंदने पलीकडून ऐकलं आणि विचारलं, "बाबा, तुमी पण बघितलात?" सगुणबाब म्हणाले, "बघूक नाय, ऐकलंय. भिकार आसा." मिलिंद खवळला. तो त्या संगीताचा कट्टर भक्त निघाला. त्या दिवशी बापलेक चाळीस मिनिटं भांडले. फोन ठेवल्यावर सगुणबाबांचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा दिसत होता.

मग त्यांनी आम्हाला कामालाच लावलं. शनिवारी त्यांनी यायचं, माझ्या वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर आमचे मुद्दे उतरवून घ्यायचे, आणि प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते खाली लिहायचं. आम्हाला बजावलेलंही होतं. "वाद मोडू नका मरे. वाद मोडलो तर तो परत 'जेवलात' विचारून फोन ठेवतलो."

बापलेक असे अबोल का झाले, ते मुळगावात सगळ्यांना माहीत आहे. निदान तसं सगळ्यांना वाटतं. चार वर्षांपूर्वीच्या जत्रेतलं नाटक. मी दुष्ट भाटकार, म्हणजे जमीनदार, झालो होतो, गरिबांच्या जमिनी हडपणारा. सगुणबाब रंगमंचाच्या एका बाजूला पायपेटीवर आणि मिलिंद दुसऱ्या बाजूला नव्या कीबोर्डवर. माझी एन्ट्री गुपचूप व्हायची होती. पण मी येण्याआधीच मिलिंदने एक खोल, लांबलचक सूर धरला. अख्खा मांडव विंगेकडे बघायला लागला. सगुणबाब पेटीवरून उठले, रंगमंच ओलांडून गेले आणि कीबोर्डची वायर उपटून म्हणाले, "ही चाडी झाली." लोक पोट धरून हसले. मिलिंद मान खाली घालून बसून राहिला. तीन महिन्यांनी तो इंग्लंडला गेला आणि त्याने परत कुठल्याच वाद्याला हात लावला नाही.

आता गावाला माहीत नसलेलं सांगतो. त्या वेळी मी विंगेत तयारच नव्हतो. माझी मिशी सुटली होती आणि मी डिंक शोधत होतो. रंगमंच रिकामा, आईचं काम करणारी बाई वाक्य संपवून ताटकळत उभी. मिलिंदला त्याच्या जागेवरून मी दिसत होतो. त्याने तो सूर धरला तो मला सांभाळून घेण्यासाठी. सगुणबाबांच्या बाजूने यातलं काहीच दिसत नव्हतं. नाटक संपल्यावर मी सांगायला हवं होतं. पण लोक माझ्या भाटकाराचं कौतुक करत होते, आणि मी ते ऐकत उभा राहिलो. लाज वाटते लिहिताना, पण असंच झालं.

गेल्या रविवारी मिलिंदचा फोन आला. सगुणबाब कागदांची चळत मांडीवर घेऊन तयार होते. मिलिंद म्हणाला, "बाबा, मी सगळा परत ऐकलंय. तुमचाच बरोबर. आधी वाजवूक नको."

"असा कसा?" सगुणबाब गडबडले. "थांब, ती प्राची काय म्हणता ता ऐक."

"नको बाबा. मी हरलंय. तुमी जेवलात?"

"जेवलंय."

"बरा. ठेवतंय मगे."

सगुणबाब फोनकडे बघत बसले. जिंकल्यावर इतका पडलेला चेहरा मी कोणाचा पाहिला नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी शिकलेली माणसां. माझा खंय चुकता ता सांगा. एक तरी चूक काढा. ती सांगूक म्हणान तरी तेका फोन करीन."

प्राचीने लगेच एक मुद्दा काढला. सगुणबाबांनी सवयीने तो दोन वाक्यांत खोडला आणि मग स्वतःच कपाळावर हात मारला. शिवाने दुसरा काढला. तोही खोडला गेला. बिचाऱ्यांना हरायचं होतं आणि जमत नव्हतं.

मला आता गप्प बसवेना. मी मशीन बंद केलं आणि सगळं सांगून टाकलं. रिकामा रंगमंच, डिंक, तो सूर.

सगुणबाबांनी सगळं ऐकून घेतलं. "मिशी?" एवढंच विचारलं.

"मिशी," मी म्हटलं.

शिवा उगाच बाहेर जाऊन आपला ट्रक बघून आला. मग सगुणबाब म्हणाले, "मगे तो तेव्हा बोललो कित्याक नाय? चार वर्सां झाली."

"बोलला असता तर ती माझी चाडी झाली असती, सगुणबाब."

त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत. प्राचीला म्हणाले, "नंबर लाव." इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून मुलाला फोन केला नव्हता. नेहमी त्याचाच यायचा.

मिलिंदने लगेच उचलला. "बाबा? काय झाला? बरे आसात मां?"

"बरो आसंय. ऐक. त्या दिवशी नाटकात तू वाजवलंस ता बरोबर होता. माझाच चुकला. मी वायर काढूक नको होती."

प्राचीने स्पीकरचा आवाज वाढवला. मग मिलिंदने अगदी हळू विचारलं, "तुमका कोणी सांगला?"

सगुणबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"कोणी नाय रे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याक उशिरा कळता, तसा कळला."

मी काउंटरमागून बाहेर आलो, त्यांच्यापुढे हात केला आणि म्हटलं, "फोन द्या इकडे, सगुणबाब. कोणी सांगितलं ते मिलिंदला मलाच सांगू द्या."